नाव नसलेला नियम

मागच्या मंगळवारी घंटा वाजली. बरोबर नियमाने वाजली, बरोबर बोगद्यासाठी वाजली. "बोगदा चार ताबडतोब रिकामा करा," घंटोबाने खणखणीत आवाजात सांगितलं. बोगद्यात दोघं होते. त्यांनी ऐकलं नाही, कारण त्यांना मरून आठ मिनिटं झाली होती.

मग चूक कोणाची? घंटोबा म्हणाला, माझी नाही. घंटोबा हा आमचा यंत्रमानव. त्याच्याकडे 'कधीच चुकत नाही' असं प्रमाणपत्र आहे. ते त्यानेच छापलंय.

मी झेलम उरकुडे, वय बारा. आम्ही चंद्रपूरजवळच्या जुन्या कोळसा खाणीत राहतो. वर उन्हाळ्यात सत्तावन्न अंश होतात, म्हणून अख्खं शहर खाली आलं. इथली एक रीत आहे. कोणी अपघातात गेलं, की तसा अपघात पुन्हा होऊ नये म्हणून एक नियम लिहायचा आणि त्याला त्या माणसाचं नाव द्यायचं. अशा अकरा खाणी, चाळीस वर्षं, ४१,३०६ नियम. उदाहरणार्थ, नियम ९,०२०: 'लिफ्टमध्ये बकरी, बकरीला भूक, बटणं रबरी असतील तर लिफ्ट थांबवा. कै. सखाराम झाडे.' नवीन माणसं आधी हसतात, मग नाव वाचतात.

शेवटचा नियम असा: 'उष्णता वाढली, पंखा बंद, भिंतीला घाम, तर बोगदा रिकामा करा. कै. मंजिरी उरकुडे.' ती माझी आई.

मंगळवारी हाच नियम वाजला, एकोणीस मिनिटं उशिरा. त्या दोघांच्या नावाचा नवा नियमही झाला नाही. तो आधीच होता ना! आणि शनिवारपासून बाबांची पाळी शेजारच्या बोगदा पाचमध्ये लागली होती.

मी आबाजींकडे गेले. आबाजी म्हणजे आईचे वडील. वसाहतीचं शोधयंत्र (लाखो कागदांतून हवा तो कागद काढून देणारा संगणक) त्यांनीच बांधलं. लोक त्यावर मुख्यतः हरवलेल्या चपला शोधतात.

"घंटोबा नेमकं करतो काय, सांग," आबाजी म्हणाले.

"भिंतींत सहा हजार पेट्या आहेत. प्रत्येक पेटी बातमी देते: उष्णता किती, पंखा चालू का बंद, भिंत ओली का कोरडी. घंटोबा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नियम घेतो आणि तो प्रत्येक बातमीला लावून बघतो."

"म्हणजे किती वेळा?"

मी गुणाकार केला. "जवळजवळ पंचवीस कोटी वेळा! एका फेरीला एकोणीस मिनिटं. आणि आईचा नंबर शेवटचा."

"बरं. आता शोधयंत्र चप्पल शोधताना सगळे कागद वाचते का?"

"नाही. त्याच्याकडे सूची असते, पुस्तकाच्या मागे असते तशी. 'चप्पल' नावाच्या कप्प्यात तो शब्द असलेल्या कागदांचे नंबर. तेवढा कप्पा उघडायचा."

"मग आता उलटं कर, पोरी. एरवी कागद ठेवलेले असतात आणि प्रश्न येतो. आपण प्रश्नच ठेवून देऊ. नियम म्हणजे प्रश्नच की! 'भिंतीला घाम आला का?' म्हणून वाट बघत बसलेला. बातमी येईल आणि आपला प्रश्न शोधून काढील."

मला आई एका कप्प्यात वाट बघत बसलेली दिसली. आबाजींनी चहात तिसऱ्यांदा साखर घातली आणि चहा प्यायलाच नाही.

पहिल्या प्रयत्नात मी प्रत्येक नियमाचा नंबर त्याच्या सगळ्या अटींच्या कप्प्यांत टाकला. तो फसला. 'उष्णता वाढली' या कप्प्यात तीस हजार नियम निघाले. इथे सगळे उकडूनच मरतात.

"दोन हजार माणसांच्या लग्नात दिगंबरकाकाला शोधायचंय," आबाजी म्हणाले. "त्यानं कुर्ता घातलाय, त्याला भूक लागलीय आणि त्याच्या पायाला प्लास्टर आहे. काय शोधशील?"

"प्लास्टर. भूक तर मांडवात सगळ्यांनाच असते."

"काऊन मग सगळ्या कप्प्यांत नंबर टाकून राहिली तू?"

मग आम्ही प्रत्येक नियम त्याच्या सगळ्यात दुर्मीळ अटीच्याच कप्प्यात ठेवला. 'भिंतीला घाम' या कप्प्यात फक्त तीन नियम आले. कप्पा उघडला की त्या तिघांच्या बाकीच्या अटी मात्र नीट तपासायच्या, नाहीतर प्लास्टर दिसलं की कोणालाही दिगंबरकाका म्हणाल. अशा रीतीने शोधयंत्राच्या डोक्यावर आमचं नियमयंत्र (बातमीला कोणता नियम लागतो ते ठरवून लगेच हुकूम देणारी व्यवस्था) उभं राहिलं. एक फेरी चार सेकंदांची!

गुरुवारच्या सभेत शेवंताबाई देवतळे उठल्या. त्या वसाहतीच्या अध्यक्ष. नियम क्रमांक एक त्यांच्या मुलाचा आहे.

"दर फेरीला सगळ्यात आधी माह्या पोराचं नाव निघते," त्या म्हणाल्या. "तुही मशीन त्याले ओलांडून जाईन?"

"हो," मी म्हणाले. खोटं काय बोलायचं? "शेवंताआजी, दादाचा नियम पहिला आहे, म्हणून त्याच्यासारखं परत कोणी गेलं नाही. माझी आई शेवटची आहे. तिच्यासारखे मंगळवारी दोघं गेले."

घंटोबा मध्येच म्हणाला, "चूक माझी नाही."

"तू चूप रे डब्ब्या," शेवंताबाई म्हणाल्या. मग त्यांनी मान डोलावली. "पण नावं वाचाची. रोज सकाळी, सगळी. एकही सोडाचं नाही."

शनिवारी दुपारी बोगदा पाचची भिंत घामेजली. चौथ्या सेकंदाला घंटा वाजली. "नियम ४१,३०६. मंजिरी उरकुडे. बाहेर या." नऊ माणसं धावत आली. नववे बाबा होते, हातात डबा घेऊन. मागे बोगद्यात विषारी वायू भरला, पण त्याला कोणीच सापडलं नाही.

"घंटेच्या आधी झुरळं रांगेनं बाहेर गेली," धाप लागलेले बाबा म्हणाले. "मला वाटलं, त्यांची पाळी संपली."

हाही नियम लिहायला हवा होता. मी लिहिला: 'झुरळं रांगेने बाहेर जात असतील, तर त्यांच्या मागे जा.'

"मृताचं नाव?" घंटोबाने विचारलं.

"कोणी मेलं नाही."

"नाव कोरं ठेवता येत नाही. कोणी उपलब्ध आहे का?"

"राहू दे कोरं," मागून शेवंताबाई म्हणाल्या.

आता रोज सकाळी घंटोबा सगळी नावं वाचतो. अकरा तास लागतात. सगळ्यात शेवटी तो आईचं नाव घेतो, मग म्हणतो, "नियम ४१,३०७," आणि गप्प राहतो. तेवढ्यासाठी लोक हातातलं काम थांबवतात. काल शेवंताबाईंनी विचारलं, "असे कोरे अजून किती लिहिता येतीन वं?"

मी आणि आबाजी रोज झुरळांवर नजर ठेवून असतो.