काळं बटण, पांढरं बटण

"आज मला जमायचं नाही हो ताई, सुनेला दवाखान्यात न्यायचंय," शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या. आता धाकटीला, आपल्या स्वमग्न बहिणीला, ठेवायचं कुणाकडे? अपंगांसाठी, स्वमग्न माणसांसाठी सरकार जो आराखडा करत होतं, त्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला आज जनसुनावणी होती. ताईला जायलाच हवं होतं. पण धाकटीला सोबत न्यायचं म्हणजे... छे, छे! तिथे व्यासपीठावर दोघींचा सख्खा भाऊ साहेब म्हणून बसणार होता आणि पहिल्या रांगेत त्याची बायको, जिच्या लेखी धाकटी केव्हाच मेली होती!

होय, मेली होती. लग्न ठरत होतं तेव्हा भाऊ ताईच्या पायाशी बसून ढसाढसा रडला होता. "असं माणूस घरात आहे कळलं तर मुलीकडचे नकार देतील गं ताई. मी सांगून बसलोय, धाकटी गेली म्हणून..." जिवंत बहिणीला त्यानं शब्दानं मारलं! आणि ताईनं काय केलं? डोळे पुसले, शिवणयंत्र उचललं, धाकटीचा हात धरला आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. भावाच्या लग्नाला ती एकटीच गेली, एखाद्या पाहुण्यासारखी. स्वतःच्या लग्नाचा विषय तर तिनं केव्हाच गुंडाळून ठेवला होता.

धाकटी बोलत नसे. गोंगाट झाला की कान दाबून किंचाळे. पण ताईनं शिवलेल्या कपड्यांना बटणं लावावीत तर तिनंच! कुणाच्या अंगावर तुटकं बटण दिसलं की ते लावल्याशिवाय तिला घास गिळवत नसे. गिऱ्हाइकं थट्टेनं म्हणत, "धाकटीच्या तावडीत सापडलो, आता सुटका नाही!"

आणि आता ताईच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. ते ऐकून भाऊ म्हणाला होता, "तिची काळजी सोड. आराखड्यात शहराबाहेर मोठं निवासी केंद्र आहे, मीच आखलंय ते. तिथं ठेवू तिला... कायमचं. फक्त सुनावणीला आलीस तर तोंड उघडू नकोस हं!" ताईनं निमूट मान हलवली होती. पण तेव्हापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. परक्या खोलीत, परक्या माणसांत या मुक्या जिवाला काय हवं, काय नको, हे कळणार कुणाला? तिथली व्यवस्था कशी असणार, एवढं तरी तिला आपल्या कानांनी ऐकायचं होतं.

शेवटी जीव मुठीत धरून ती धाकटीला घेऊन निघाली. सभागृहात दोघी अगदी मागे, दाराजवळ बसल्या. ताईनं पदर पुढे ओढून तोंड अर्धं झाकलं. देवा, एवढी वेळ निभावून ने!

एक म्हातारा बाप बोलायला उठला. "साहेब, केंद्र बांधाल, छान बांधाल. पण आमच्या लेकरांना कुणी विचारलंय का?..." आणि तेवढ्यात माइक कर्कश्श किंचाळला!

त्याहून मोठ्यानं धाकटी किंचाळली. कान दाबून, डोळे मिटून ती खुर्चीतून खाली घसरली. सगळ्या माना मागे वळल्या. "कुणी आणलं हिला इथं?" कुणीतरी करवादलं. पहारेकरी धावत आला. "बाई, हिला बाहेर घ्या बघू!" वा रे सभा! जिच्यासाठी भरवली, तिलाच दार दाखवायचं!

ताईनं खाली बसून धाकटीला धरलं. तिनं व्यासपीठाकडे पाहिलं. भावाचा चेहरा पांढराफटक पडला होता. याचा संसार मोडणार... आपल्यामुळे मोडणार! ती धडपडत उठली आणि हात जोडून म्हणाली, "चुकलं साहेब, आम्ही जातो. हिचं दुसरं कुणी नाही... माझ्याशिवाय कुणी नाही!"

भाऊ ताडकन उठला. पायऱ्या उतरून तो थेट त्यांच्याकडे येऊ लागला. ताईनं धाकटीला छातीशी घट्ट आवळलं. आता हा स्वतःच्या हातानं बाहेर काढणार आम्हाला...

"माइक बंद करा," तो म्हणाला आणि तिथंच फरशीवर गुडघे टेकून बसला. कोटाचं काळं बटण त्यानं हिसक्यानं तोडलं, मनगटाजवळचं पांढरं तोडलं, आणि दोन्ही तळहातावर ठेवून हात पुढे केला.

विसरला नव्हता तर! ती खूण लहानपणी यानंच शोधून काढली होती. काळं म्हणजे हवं, पांढरं म्हणजे नको. सगळ्यांनी हात टेकले होते, तेव्हा या पोरानं धाकटीला बोलतं केलं होतं!

"ताईला सोडून नव्या घरी राहायचं?" त्यानं हळूच विचारलं.

धाकटी शांत झाली. तिची बोटं काळ्या बटणावर गेली... मग ती सरकली. पांढरं बटण उचलून तिनं भावाच्या दुसऱ्या हातात घट्ट दाबलं.

"हरकत नोंदवून घ्या," भाऊ कापऱ्या आवाजात म्हणाला. "या बाईंना न विचारता यांना कुठेही ठेवता येणार नाही. कुणालाच ठेवता येणार नाही. आणि हो... ही माझी सख्खी बहीण आहे."

पहिल्या रांगेतून भावजय उठून आली. "बहीण? ती तर..."

"ती कुठंही गेली नव्हती. मी खोटं बोललो. ताईचं हृदयाचं ऑपरेशन आहे, म्हणून हिला कायमची लांब पाठवायला निघालो होतो मी!"

ताईला वाटलं, संपलं सगळं.

"तुमच्याशी मी घरी बोलते," ती म्हणाली. त्या शब्दांत निखारे होते. मग तिनं ताईचे थंडगार हात हातात घेतले. "ताई, तुम्ही दोघी आमच्याकडे यायचं. ऑपरेशनआधीच यायचं. फक्त हवं म्हणायचं बटण कुठलं आणि नको म्हणायचं कुठलं, ते आधी मला शिकवा."

इतक्या वर्षांचा बांध फुटला आणि ताई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडू लागली.

पण धाकटीचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. तिची नजर कोटावरच्या तुटक्या दोऱ्यावर खिळली होती. ताईच्या पिशवीतून तिनं सुई-दोरा काढला, भावाच्या हातातलं काळं बटण घेतलं, त्याचा कोट पकडून त्याला जवळ ओढलं आणि टाका घातला. सगळं सभागृह थांबलं होतं. भाऊ जरा हलला की ती कपाळाला आठी घाली.

"हलू नकोस रे," ताई डोळे पुसत म्हणाली. "पुरतं लावल्याशिवाय ती सोडायची नाही तुला."

"नको सोडू दे," भाऊ म्हणाला.