दोनात की चारात

काम अगदी साधं होतं. बेनेडेक मास्तरांच्या घरून एक स्वरलिपी उचलायची आणि सकाळी तालमीला आणून द्यायची. तुम्ही वाद्यवृंदात नवी पोरं, मास्तरांना पाहिलेलं नाही. पण देझ्योला ओळखता. तालमीला सभागृहात मागे बसतो, दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की चष्मा पुसायला घेतो, तोच. हे त्याच्याच बाबतीत घडलं आणि त्यानेच मला सांगितलं. हो, पलिंकाचे दोन पेले पोटात गेल्यावर सांगितलं. पण सगळं दारूवर ढकलू नका. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलंही आहे, ते शेवटी सांगतो.

गेल्या नोव्हेंबरची पहिली तारीख, गेलेल्या माणसांच्या आठवणीचा सण, शनिवार, रात्रीचे नऊ वाजून गेलेले. सगळं वात्स गाव मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात. मास्तर वसंतात गेले होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या आठवणीची मैफल होती. वाद्यवृंद चालवायची छडी कुणाच्या हातात? रेकाच्या. मास्तरांची शेवटची शिष्या, अजून तिशीही न गाठलेली. मास्तरांनी इस्पितळात तिचंच नाव सांगून ठेवलं होतं.

ते ऐकल्यापासून देझ्यो जळत होता. अर्धं आयुष्य मास्तरांचा सहायक. महिनाभर तालमी याने घ्यायच्या, वादकांशी घसा कोरडा करायचा, आणि मैफलीच्या दिवशी मास्तरांनी येऊन हात वर करायचा. टाळ्या त्यांना, त्यांचा कोट सांभाळायला हा. निदान मागाहून तरी आपला नंबर लागेल, एवढ्या आशेवर केस पांढरे केले. आणि मध्येच ही कालची पोर.

मास्तरांच्या बायकोने, इल्का नेनीने, किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "मी लेकीबरोबर कबरीवर चाललेय. स्वरलिपी पियानोवर आहे. उचकपाचक करू नकोस, देझ्यो. आणि पोगाचा झाकून ठेवल्यात, दोन खाऊन जा."

आता गोम ऐका. मैफलीत वाजवायच्या रचनेचा तिसरा भाग छापलाय चार ठोक्यांत, पण मास्तर तिथे दोनातच हात चालवायचे. वादकांच्या अंगात तेच भिनलेलं. समोरचा चारात मारू लागला की सगळ्यांची दाणादाण. म्हणून मास्तरांनी पानाच्या माथ्यावर पेन्सिलीने जाड २ काढून ठेवला होता. रेकाला हा भाग त्यांनी कधी शिकवलाच नव्हता. तालीम एकच, सकाळची. ती तिथे आपटली, तर ऐन वेळी छडी कुणाकडे येणार?

देझ्योने पियानोपाशी बसून खोडरबर काढलं. २ पुसला. त्या जागी ४ लिहिला, मास्तरांच्याच वळणाचा.

तेवढ्यात स्वयंपाकघरात टाळी वाजली.

एक... दोन. एक... दोन.

मास्तरांची शिकवायची तऱ्हाच ती होती. शिष्य बाहेर हात चालवतोय, हे आत कांदा चिरतायत, आणि हात चुकला की तिथूनच टाळी. देझ्योने ती झोपेतही ओळखली असती.

"इल्का नेनी?"

टाळी थांबली.

त्याने आत जाऊन दिवा लावला. कुणी नव्हतं. पोगाचा तशाच, फडक्याखाली.

टाळी वाजली... आता मागे. पियानोच्या खोलीत, आणि तिथला दिवा विझलेला.

दुसरा कुणी पळत सुटला असता. देझ्यो चिडला. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं तोंडाशी आलं.

"तिला मनगट धरून शिकवलंत," तो अंधाराकडे बघून म्हणाला. "दाराच्या फटीतून पाहिलंय मी. मला मात्र जन्मभर लांबून टाळ्या. मी काय अंगणात शिरलेली कोंबडी होतो?"



स्वयंपाकघरातला दिवाही गेला.

मग त्याचा उजवा हात वर गेला. त्याने उचलला नव्हता.

मनगटावर बोटं. गार. आधी हलकी... मग घट्ट.

एक... दोन.

खाली. वर.

कानाशी कुणीतरी होतं... श्वास मात्र नव्हता.

एक... दोन...

किती वेळ, त्याला सांगता येत नाही. भानावर आला तेव्हा तो जिना उतरत होता. स्वरलिपी छातीशी धरलेली, दार मागे सताड उघडं.

सकाळी तो सरळ रेकाकडे गेला आणि पान उघडून दाखवलं. "हा चार मी लिहिलाय. तुला पाडायला. दोनात मार."

रेकाने आधी पान पाहिलं. मग म्हणाली, "बरं, देझ्योकाका."

मैफल अशी रंगली की लोक उठेनात. सगळं सभागृह एका ठेक्यात टाळ्या पिटत होतं, आपल्याकडे पिटतात तशा. देझ्यो माझ्या शेजारीच बसला होता. त्यानेही हात उचलले आणि बाही मागे सरकली. उजव्या मनगटावर चार बोटं आणि अंगठा. निळे.

आता मे लागला. मार लागला तर डाग पिवळा पडतो, आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. डॉक्टरला दाखव म्हटलं, तर नको म्हणाला. निदान रेकाला तरी दाखव, मास्तर तिचेही होते, असं म्हटलं, तर त्याने झटकन बाही खाली ओढली. मी चोरच असल्यासारखा बघत होता माझ्याकडे.

"तिला छडी दिली ना त्यांनी," म्हणाला. "हे माझं आहे. तिला कळता कामा नये."

परवा हात धुताना पुन्हा दिसलं मला ते मनगट. डाग अजून तसेच आहेत, आज उमटल्यासारखे.