शीव ओलांडून आलेला गाडा

सोंडगडाच्या पूर्वकड्यावर तांबडं फुटत होतं. खालच्या खोऱ्यात, जिथून एरवी या वेळी चुलींचा धूर उठायचा, तिथून गेले पंधरा दिवस चितांचाच उठत होता. जरीमरीनं खोरं धुऊन नेलं होतं. म्हणून गडाचे हवालदार हैबतराव पायगुडे यांनी आपल्या शिक्क्यानिशी हुकूम फर्मावला होता, की गडावर येणारा, मग तो सरदार असो वा मोळीविक्या, त्यानं पायथ्याच्या चौकीवर ताणलेल्या दोरीच्या आत दहा दिवस काढावेत आणि धडधाकट राहिला तरच परवान्याचं दस्तक घेऊन वर चढावं.

चौकीचा नाईक होता धारनाक. मुलखाचा संशयखोर! सख्ख्या भावानं पाणी दिलं तरी हा आधी तांब्यात डोकावेल, असं गडकरी हसून म्हणत. बायको आणि तीन लेकरं वर गडावर होती, आणि हुकूम निघाल्यापासून त्यांना तो फक्त लांबून बघत होता.

त्या सकाळी हलगी वाजली. हिरवं लुगडं नेसलेली मरीआई गाड्यात बसवून बारा माणसं गाडा ओढत चौकीपुढं आली. रोग घालवायचा तर देवीला असं शिवेपार न्यायचं, तिथून पुढच्या गावानं पुढच्या शिवेला पोचवायचं, असा शिरस्ता. जो अडवेल त्याचं घर बसलं म्हणून समजा! पहारेकरी हात जोडून बाजूला झाले.

पुढच्या गावची वाट गडाच्या पहिल्या दरवाजातून जात होती. तटावरून हैबतरावांनी हाक दिली, "धारनाका, वाट सोड! आईला कसलं दस्तक मागतोस?"

धारनाक हलला नाही. पोरवयापासून बापाबरोबर त्यानं असे गाडे ओढले होते.

"सरकार, गाडा शिवेवर सोडला की माणसं मागं न बघता पळत्यात. ही बारा जणं शीव ओलांडून दारापातुर आली. आईला सोडाया आलीत, का सोताच आत शिराया?"

"गडावर देवीचा कोप ओढवतोस?" हैबतरावांनी तोड्याची बंदूक त्याच्यावर रोखली. "गनिमाचं मीठ खाल्लंस काय रे?"

तो शब्द धारनाकाच्या काळजात घुसला.

"माझी लेकरं वर हायेत, सरकार. धा दिसांचा हुकूम तुमच्याच शिक्क्याचा. मोडायचा तर तसा शिक्का मारून द्या, न्हाईतर घाला गोळी."

हलगी थांबली होती. "आई, चुकलो तर मला ने, लेकरांना राख," असं पुटपुटत त्यानं देवीच्या पायाशी रचलेल्या कडुनिंबाच्या डहाळ्यांत हात घातला. हाताला गार लोखंड लागलं.

"बंदुका! सरकार, दगा!"

बारांतल्या एकानं त्याचा गळा धरला. हैबतरावांची गोळी सुटली ती त्या माणसाला लागली. पहारेकरी धावले, झटापट झाली. चार गनीम पडले, आठ धरले गेले. त्या आठांतला एक संध्याकाळी ओकू लागला. गाडा खोटा होता, रोग मात्र खरा निघाला.

झटापट संपताच हैबतराव ओरडले होते, "वर चल, वाघा!"

"त्यांच्या अंगाला लागलोय म्या," म्हणत धारनाक कैद्यांमागोमाग दोरीच्या आत गेला होता. झटापटीतले पहारेकरीही आत शिरले होते.

सहाव्या दिवशी हैबतराव सोन्याचं कडं घेऊन खाली उतरले. त्यांनी दोरीवरून पाय टाकला, तोच धारनाकाचा भाला आडवा आला.

"मी तुला फितूर म्हणालो रे," हैबतरावांनी कडं पुढं केलं.

"म्हनालात ते झ्याक केलंत. म्या समद्यांवर संशय घेतो, माझ्यावर बी कुणी घ्याया नगो? पाय मागं घ्या." हैबतराव दोरीबाहेर बसले.

दहा दिवसांत पाच कैदी चितेवर गेले. अकराव्या दिवशी उजाडताच हैबतरावांनी आपल्या हातांनी दोरी सोडली. पहारेकऱ्यांमागून धारनाक बाहेर आला. दहा रात्रींच्या जागरणानं हाडं तेवढी उरली होती. बायको लेकरांना घेऊन धावली, तशी तो ओरडला, "थांब! आधी अंघुळ!"

घागर कोण आणणार? स्वतः हैबतराव घेऊन उभे राहिले. गडकरी बघतच राहिले. धारनाकानं आधी घागरीत डोकावून पाहिलं, आणि मगच डोकं पुढं केलं.