आगीपुरता विमा

“आग नक्की कुठे लागली होती?”

घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बाईला कुणी हा प्रश्न विचारावा? तिच्या एका हातात बादली, दुसऱ्या हातात भिजून फुगलेला शब्दकोश, केसांतून पाणी ठिबकतंय... आणि दारात हा इस्त्रीच्या शर्टातला माणूस कागद सरसावून विचारतोय, आग कुठे लागली!

तिनं बादली खाली आपटली.

“डोक्यात लागलीय. माझ्या. दिसत नाही का?”

तो वरमला. त्यानं आधी कागदाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग तिच्याकडे—आणि तिथे जरा जास्तच वेळ पाहिलं.

“माफ करा. मी विमा कंपनीचा सर्व्हेअर. तुमचा विमा फक्त आगीचा आहे ना, म्हणून...”

“फक्त आगीचा? कुणी सांगितलं तुम्हाला?”

वडिलांनी मागे ठेवलेलं दोन खोल्यांचं घर, आणि त्यातली पुढची खोली म्हणजे तिचा पुस्तकबांधणीचा कारखाना. वरच्या मजल्यावरची मंडळी परगावी गेली आणि त्यांच्या न्हाणीघरातला पाइप फुटला. रात्रभर पाणी गळत राहिलं ते नेमकं ग्रंथालयाच्या चाळीस जुन्या पुस्तकांवर. ती शनिवारी परत द्यायची होती. तिचं निम्मं काम ग्रंथालयाचं. ते तुटलं तर पुढच्या खोलीला कुलूपच लावावं लागलं असतं. विम्याचे पैसे मिळाले तर निदान भरपाई देऊन तोंड दाखवता येईल, एवढी एकच आशा होती.

ती तरातरा आत गेली आणि एक देखणं पुस्तक घेऊन आली. लालचुटूक कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरांत ‘घराचे कागद’. पॉलिसीसुद्धा तिनं त्यातच शिवून टाकली होती.

“किती सुरेख बांधलंय हो!” तो मनापासून म्हणाला.

“कौतुक राहू दे. चौथी ओळ वाचा. ‘पाइप फुटून होणारे नुकसान.’ छापलंय की नाही?”

“छापलंय. पण छापलेले सगळेच धोके आपण घेतलेले नसतात. ओळीपुढे, अगदी कडेला, एक चौकोन असतो. घेतलेल्या धोक्याच्याच चौकोनात खूण असते.” त्याचं बोट पानाच्या कडेपर्यंत जाऊन थांबलं. “इथे चौकोनच नाहीत...”

ती पाहतच राहिली. शिलाई झाली की तिन्ही बाजूंनी कडा कापायच्या, हे तिच्या हातात इतकं मुरलेलं होतं की पॉलिसीवरूनही तिनं सुरी फिरवली होती. चौकोन कातरणांबरोबर केरात गेले होते! गेली तीन वर्षं ती ओळी वाचत होती आणि सगळं घर सुरक्षित आहे म्हणून निवांत झोपत होती.

त्यानं फोनवर ऑफिसातली प्रत दाखवली. एकच खूण होती, ‘आग’पुढे. खाली तिची सही.

फॉर्म आतोबांनी भरला होता. आत्याचा नवरा म्हणून विश्वासाचा माणूस, आणि वर विमा एजंट. “कागदाच्या घराला भीती आगीची. चार पैसे वाचतील तुझे,” असं त्यांनी परस्पर ठरवलं आणि खळीनं बरबटलेल्या तिच्या हातात पेन दिलं. तिनं न वाचता सही ठोकली.

आता रागवायचं तरी कुणाकुणावर? आतोबांवर, स्वतःवर, की माणसाचं अख्खं घर तिळाएवढ्या चौकोनात कोंबणाऱ्या त्या कंपनीवर? सगळ्यांवर रागावून झालं तरी राग उरलाच. तो तिनं समोरच्यावर काढला.

“उभे काय राहिलात? लिहा, नामंजूर!”

“लिहावं लागेल,” तो हळूच म्हणाला. आणि गेला.

संध्याकाळी तो पुन्हा दारात. शर्ट साधा, काखेत टेबलफॅन.

“हे काय?”

“माझ्या घरचा आहे. पुस्तकं वाळवायला...”

“नकार लिहून दिलात ना?”

“दुपारीच दिला.”

“आणि आता पंखा आणलात? वा रे वा!”

“आधी पंखा आणला असता तर नकार लिहिताना हात थरथरला असता.”

एवढ्या चिडलेल्या अवस्थेतही तिला हसू आलं, म्हणून ती आणखीनच चिडली. तिनं त्याच्यापुढे टीपकागदांचा गठ्ठा ठेवला. “दर दहा पानांत एक. पान ओढायचं नाही, उचलायचं. फाटलं तर याद राखा!”

मग तो रोज येऊ लागला. ती पानं सोडवायची, तो टीपकागद सरकवायचा. मध्येच बोटाला बोट लागायचं... दोघंही घाईघाईनं वेगवेगळ्या पुस्तकांत डोकं घालायचे.

“तुम्ही सगळ्यांवर अशाच चिडता?”

“नाही. काहींवर कमी.”

“मी कोणत्या रांगेत?”

“पुढच्या. पानाकडे लक्ष द्या.”

तिसऱ्या संध्याकाळी त्याच्याआधी आतोबा उगवले. ओल्या भिंतींकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. “अगं, फेरपाहणी मागता येते. एक पडदा जाळ. आग विझवताना पाणी झालं म्हण. ते पाणी आगीच्या विम्यात बसतं! तो पोरगा रोज येतो म्हणे तुझ्याकडे. गोड बोल की जरा.”

तिचा चेहरा लाल झाला.

“आतोबा, सही माझी होती, मी भोगीन. पण माझ्या बापाच्या घराला मी काडी लावायची? आणि त्या सज्जन माणसाला खोटं लिहायला लावायचं, तेही गोड बोलून? माझं गोड बोलणं इतकं स्वस्त नाही! निघा तुम्ही!”

आतोबा चपला शोधायला वळले, तर दारातच तो उभा. हातात टीपकागदांचं नवं पुडकं. आतोबा मान खाली घालून सटकले. 

“ऐकलंत सगळं?” ती उसळली. “मग माझं उत्तरही ऐकलंत ना? की निम्मंच ऐकून मला लबाड ठरवून मोकळे?”

“सगळं ऐकलं,” तो म्हणाला. “‘सज्जन’सुद्धा.”

तिनं त्याच्या हातातलं पुडकं ओढून घेतलं आणि पुस्तकात डोकं घातलं. त्या संध्याकाळी पुस्तकं भराभर वाळली.

शनिवारी ग्रंथपालांनी सदतीस पुस्तकं चोख म्हणून घेतली, तीन पाहून चुकचुकले आणि नवा गठ्ठा पुढे सरकवला. काम वाचलं होतं. सोमवारी तिनं स्वतः विमा ऑफिसात जाऊन पूर्ण घराच्या विम्याचा अर्ज केला. या वेळी प्रत्येक चौकोन वाचला, सगळ्यांत खुणा केल्या. विमा देण्याआधी पाहणी होणार होती. नेहमीचेच साहेब पाठवा, असं तिनं जाता जाता, अगदी सहज, सुचवलं.

पाहणीच्या दिवशी तिनं केस दोनदा विंचरले. बेल वाजली. दारात एक पोक्त, ढेरपोटे गृहस्थ.

“ते... आधीचे?”

“त्यांनी हे घर नको म्हणून लिहून दिलंय.”

नको? चार संध्याकाळी इथे बसून, आणि आता हे घर नको? गृहस्थांना भिंती मोजायला सोडून ती अंगणात आली, तर फाटकाबाहेर स्वारी उभी, उन्हात, घाम पुसत.

“कंटाळलात ना?” तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचाही तिला संताप येत होता. “तोंडावर सांगायचं होतं!”

“कंटाळलो नाही. नियम आहे... आपल्या माणसाच्या घराची पाहणी आपण करायची नसते.”

“कुणाच्या माणसाच्या?”

“माझ्या... म्हणजे, मी अर्जात तसं लिहिलंय.”

तिला कळायला एक क्षण लागला. मग ती फाटकापर्यंत आली.

“अर्जात? म्हणजे तुमच्या साहेबांना माहीत, त्या ढेरपोट्यांना माहीत, आणि मलाच पत्ता नाही? मला कोण विचारणार होतं?”

“तेच विचारायला आलोय. तासभर झाला इथे उभा आहे.” त्यानं घामाचा रुमाल खिशात कोंबला. “तुम्ही नाही म्हणालात तर... तो अर्ज मी मागे घेईन.”

तिनं फाटकाची कडी काढली.

“खबरदार मागे घेतलात तर!”