तिरप्या उन्हातली ओळ

"बाबा, ती अक्षरं गवंडीकाकांनीच खरवडली, हे तुम्ही स्वतः पाहिलंत का?"

जेवणाच्या टेबलाभोवती सगळ्यांचे घास हातातच राहिले. हा प्रश्न चारचौघांत विचारून दाखव, असं मावसभाऊ ढब्बूने भिंगरीला डिवचलं होतं, आणि डिवचल्यावर मागे हटेल ती भिंगरी कसली!

तिचे बाबा म्हणजे जुन्या मशिदीच्या दुरुस्तीचे मोठे साहेब. तिथल्या मेहराबीच्या, म्हणजे भिंतीतल्या कमानदार कोनाड्याच्या वर, पांढऱ्या गिलाव्यातच नखाच्या जाडीएवढ्या उठावाची, अक्षरांची एक सुंदर ओळ कोरलेली होती. पिढ्यान् पिढ्या टिकलेली ती ओळ दुरुस्तीनंतर दिसेनाशी झाली. भिंत शेवटची साफ केली होती गवंडीकाकांनी. झालं, त्यांच्यावर खापर फुटलं, काम गेलं, आणि आता त्यांना साधं कुंपण बांधायलाही कोणी बोलावत नव्हतं.

"मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नकोस, मुकाट्याने जेव," बाबा म्हणाले.

बाहेर पायरीवर गवंडीकाकांची लेक, सुतळी, वाट बघत बसली होती. या तिघांची चौथीपासूनची टोळी. भिंगरीने सगळं सांगितलं. उद्या स्वतः जाऊन बघू या, एवढंच सुतळी म्हणाली.

सकाळी तिघं मशिदीत गेली तेव्हा दुरुस्तीत बसवलेले मोठे दिवे अजून लावले नव्हते. आत मिट्ट अंधार. सुट्टीत इथे किती वेळा लपाछपी खेळलो, तेव्हा असा अंधार नसायचा, असं भिंगरी पुटपुटली. ढब्बूला मात्र वेगळाच चाळा सुचला होता. आईचा आरसा घेऊन तो अंगणातून रखवालदाराच्या डोळ्यांवर कवडसा पाडत होता. रखवालदार खेकसला, ढब्बू दचकला, आणि कवडसा बाजूच्या दारातून आत शिरून भिंतीवरून घसरत गेला.

"ढब्बू, हलू नकोस!" भिंगरी किंचाळली.

भिंतीवर ओळ उमटली होती. प्रत्येक अक्षराला एका बाजूने सावली, दुसऱ्या बाजूने उजेड. आरसा जरा सरळ झाला की सगळं सपाट, तिरपा झाला की पुन्हा अक्षरं हजर.

सुतळी भिंतीजवळ गेली आणि मान वर करून एकेक अक्षर तपासू लागली.

अक्षरं जागच्या जागीच होती. मग इतकी वर्षं हा तिरपा उजेड यायचा कुठून? तिघांनी मशिदीला बाहेरून चक्कर मारली. बाजूच्या भिंतीत उंचावर एक अरुंद खिडकी होती, आतून मात्र तिचा पत्ताच नव्हता. दुरुस्तीसाठी आणलेल्या शिडीवर चढून भिंगरीने आतल्या बाजूने टकटक केलं तर पोकळ आवाज आला. रंग फासलेली फळी होती ती.

"उतर खाली!" शिडी धरत रखवालदार ओरडला. "पाहुण्यांच्या फोटोत ऊन येतं म्हणून तुझ्या बाबांनीच बंद करून घेतलीय. समोरून चांगले मोठे दिवे दिलेत की."

भिंगरी उतरली. समोरच्या उजेडात अक्षरांची सावलीच पडत नाही, म्हणून पांढऱ्यावर पांढरी ओळ दिसेनाशी झाली होती.

तिने इमामसाहेबांना बोलावलं, गवंडीकाकांना बोलावलं, आणि बाबांनाही. फळी निघाली. ऊन भिंतीला घासून आत आलं आणि ओळ आपोआप वर आली. इमामसाहेबांनी भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला. दुरुस्त झालेल्या मशिदीच्या उद्याच्या उद्घाटनात या मुलांचा सत्कार करायचा, असं सगळ्यांनी तिथेच ठरवून टाकलं.

"मुलगी कोणाची आहे!" बाबा हसत म्हणाले.

चप्पल हातात धरून दारात उभे असलेले गवंडीकाका बाबांकडे बघत होते. सुतळीही बघत होती. बाबांनी फोन काढला आणि दिवेवाल्याशी बोलत बाहेर गेले. सुतळीने वडिलांचा हात धरला आणि भिंगरीकडे न बघता निघून गेली.

रात्री आईने नवा ड्रेस इस्त्री करून ठेवला. बाबांनी समजावलं की गवंड्याला नंतर कधीतरी काम देता येईल, लोकांसमोर जुनं उकरून काय मिळणार?

भिंगरीने ताट बाजूला सारलं.

"उद्या मी सत्काराला जाणार आहे. माईक हातात आला की खिडकी कोणी बंद केली आणि नाव कोणाचं खराब झालं, ते सांगणार आहे. आई, तू पुढच्या रांगेत बस. आणि बाबा, तुमचं भाषण माझ्या आधी आहे. तोवर स्वतःच सांगायला तुम्हाला वेळ आहे."