माझा कल तुझ्याकडे

करोलबागेतल्या झेरॉक्सच्या दुकानात कागदांची अदलाबदल झाली आणि क्षिप्राचे नववीच्या वर्गासाठीचे आलेख एका अनोळखी मुलाच्या हाती गेले. बाहेर पावसाची रिपरिप, आणि हा पठ्ठ्या तिचाच कागद मराठीत मोठ्यानं वाचत उभा! "जानेवारी चौदा, फेब्रुवारी सतरा, मार्च बावीस..."

"अरे यार, वाणसामानाची यादी आहे का ती?" तिला राहवलं नाही. "दिल्लीचं तापमान आहे. आधी ट्रेंड सांग, रेषा कुठे चाललीये ते. मग सगळ्यात उंच कुठे, सगळ्यात खाली कुठे. बस!"

"रोज... शिकवाल?" त्यानं विचारलं आणि कानापर्यंत लाल झाला.

सुजय जिंतूरचा. स्पर्धा परीक्षेसाठी दिल्लीत आलेला, भूगोलाचा पेपर मराठीतून लिहिणारा. क्षिप्रा फरीदाबादेत जन्मलेली, इंग्रजी शाळेत भूगोल शिकवणारी; तिचं मराठी वरणभातापुरतं. रोज नाही, पण दर शनिवारी चहाच्या टपरीवर आलेख उलगडू लागले. तो तिच्यासमोर 'ट्रेंड' म्हणे आणि खोलीवर जाऊन वहीत मराठी उत्तर लिही.

"जूननंतर रेषा का उतरली?" ती विचारी.

"पाऊस आला म्हणून... आणि तू छत्री विसरलीस म्हणून." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

एका शनिवारी त्यानं वही तिच्या हातात कोंबली. "शेवटचं पान. घरी बघ." आणि पळालाच.

तिथे एकच ओळ होती: माझा कल तुझ्याकडे आहे.

क्षिप्रा खुदकन हसली. दिल्लीत राहून हाही हिंदी मिसळायला लागला! 'कल', म्हणजे उद्या, घरी येतोय म्हणे. तिला तो यायला हवाच होता, पण घरी पाहुणे होते. तिनं लगेच मेसेज केला, 'नको रे. सध्या नाही जमणार.'

'अच्छा,' एवढंच उत्तर आलं.

पुढचे शनिवार तो आला नाही. अभ्यासात असेल, ती मनाशी म्हणाली. मग, आपण का मागे लागायचं, असंही म्हणाली. हा ताठा तिला फार महागात पडला.

वर्षानं, एका रविवारी दुपारी कपाट आवरताना ती वही सापडली. या वेळी तिनं ती पहिल्या पानापासून चाळली. प्रत्येक आलेखाखाली सुजयचं टपोरं अक्षर: 'कल चढता.' 'कल उतरता.' 'जूननंतर कल बदलतो.'

कल म्हणजे ट्रेंड! त्याची रेषा आपल्याकडे चालली होती, 'उद्या' नव्हेच. तिनं फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.



"मला वाटलं, तू मला नाही म्हणालीस," सुजय म्हणाला.

"मी पाहुण्यांमुळे म्हणाले, वेड्या! एकदा विचारायचंस तरी..."

"तूही एकदा फोन करायचास, क्षिप्रा."

खरंच होतं ते.

"माझंही प्रेम होतं तुझ्यावर," ती शेवटी म्हणाली. "अजून आहे..."

तो काही बोलणार, तोच पलीकडून एका बाईचा आवाज आला, "अहो, पान वाढलंय!"

"चैत्रात लग्न झालं माझं," सुजय हळूच म्हणाला.

"जा, जेव," ती म्हणाली आणि त्याच्या आधी तिनंच फोन ठेवला.