बारा मिनिटं

बोट पहिल्याच लाटेवर उसळली. तोरुनच्या शेजारी बसलेल्या तरुणाने कठडा सोडला. मांडीवरचा डबा मात्र सोडला नाही.

"बाळबीळ आहे की काय त्यात?" तोरुनने विचारलं. बेटावरच्या दवाखान्यातली ती एकुलती एक नर्स.

"बाळच म्हणा..." तो कसनुसा हसला. "काचेच्या चकत्या आहेत. आत केसाहून बारीक नळ्या कोरल्यात. थेंबभर रक्त, बारा मिनिटं — आणि हृदयाला इजा झालीय का ते कळतं."

"म्हणजे ट्रॉनहेम शहरातून ही नवी तपासणी शिकवायला येणारे योस्टाइन तुम्हीच! माझ्याकडेच निघालाय. द्या, डबा मी धरते."

त्याने दिला... आणि त्याचे कान लाल झाले.

आठवडाभर तो शिकवत होता, ती मुद्दाम चुकत होती. "हळू... थेंब असा सोडा," म्हणत तो तिचं बोट धरायचा. थेंबाकडे मात्र दोघांचंही लक्ष नसायचं.

शुक्रवारी दुपारी तिचे वडील दारात उभे राहिले, छातीवर हात दाबून.

"सकाळपासून जळजळतंय गं. काही नाही, हेरिंग मासा बाधला."

बाहेर वारा पिसाटला होता, हेलिकॉप्टर उडणं शक्य नव्हतं. तोरुनने पाठवलेला हृदयाचा आलेख पाहून किनाऱ्यावरच्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "मला खात्री वाटत नाही. रक्तात काही दिसलं, तर या वादळातही बचाव नौका पाठवते."

पहिल्या चकतीत हवेचा बुडबुडा अडकला. यंत्रावर आकडाच उमटला नाही. योस्टाइनने ती काढून उजेडाकडे धरली.

"माझं यंत्र चुकलं तर, तोरुन..."

"तुम्ही नका ना घाबरू. मग मी कुणाकडे बघू?"

दुसरी चकती. सहा मिनिटं... नऊ... तिने त्याची बाही घट्ट धरली होती, तिला पत्ताच नव्हता. बारा. आकडा उमटला — धोक्याच्या रेषेच्या कितीतरी वर.

नौका आली. बेट सोडून तोरुनला जाता येईना. "मी जातो त्यांच्याबरोबर," योस्टाइन म्हणाला. त्या लाटा पाहून त्याच्या ओठांचा रंग उडाला होता, तरी तो चढला.

सकाळी सातला फोन वाजला. तिला उचलवेना.

"तोरुन... तुंबलेली रक्तवाहिनी मोकळी केलीय. बाबा कॉफी मागताहेत."

ती रडली, मनसोक्त.

"माझी ट्रॉनहेमची गाडी दहाला आहे," तो हळूच म्हणाला. "पण मला... बेटावर यायचंय. तुमच्याकडे. कामासाठी नाही."

"बोट तीनला सुटते," ती डोळे पुसत म्हणाली. मग घाईघाईने, आपलाच शब्द अडेल या भीतीने — "ये तू."